आधी बॉल ठरवा, बॅटचं नंतर बघू

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका भगिनीने लिहिलं आहे. वय ३९. शाळेत असताना त्या सॉफ्टबॉल खेळायच्या, संघाच्या पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्या होत्या. पुढे नोकरी, लग्न, मुलं यात खेळ सुटला. आता कॉलनीतले आणि ऑफिसातले मिळून चौदा जण, त्यात पाच बायका, रविवारी सकाळी तपोवन मैदानावर खेळायला लागले आहेत. बाकीचे जवळपास सगळे टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेले. सामान म्हणाल तर ओळखीच्या शाळेतून मागून आणलेलं. आता बत्तीस हजारांची वर्गणी जमली आहे आणि ती या ताईंकडे आहे. न्यू जर्सीला असलेले धाकटे दीर दिवाळीला येताना ३०० डॉलरच्या आसपासची कंपोझिट बॅट (धातूऐवजी कार्बन फायबरसारख्या धाग्यांच्या थरांची) आणतो म्हणतात. यजमान आणि मित्रमंडळी खूश आहेत, ‘एकदाच घ्यायची तर भारीच घेऊ’ असं त्यांचं म्हणणं. ताईंना वाटतं, आधी कॅचरचं, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्याचं, पूर्ण किट हवं, कारण खरं सॉफ्टबॉल म्हणजे फास्ट पिच, वेगाने टाकलेल्या बॉलचं. एक डावखुरी मुलगी हातात बसणारा ग्लोव्ह नाही म्हणून निम्मा वेळ बाजूला बसते. ताईंचा शाळेतला ग्लोव्ह अजून घरात आहे. शेवटी त्या विचारतात, ‘पैसे मी सांभाळते, पण सामान ठरवणारी मी कोण? दिरांना नको म्हणून घरात वाईटपणा घ्यायचा का?’

ताई,

तुमच्या पत्रात बॅटीवर जवळजवळ एक पान आहे, कॅचरच्या किटवर अर्धं पान आहे आणि बॉलवर एक ओळही नाही. तुम्ही चौदा जण नेमक्या कोणत्या बॉलने खेळता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा जो हाताला लागेल त्याने. तुमच्या घरातल्या वादाचं मूळ मला तिथेच दिसतं. बॉल कोणता आणि तो कसा टाकायचा हे ठरलं की कॅचरला काय लागेल, ग्लोव्ह केवढा हवा, पिचरचं तोंड झाकायचं की नाही, हे सगळं आपोआप ठरत जातं. बॅट या रांगेत सगळ्यात शेवटी उभी असते. यजमानांनी शेवटच्या टोकापासून सुरुवात केली आहे आणि तुम्ही मधूनच.

आधी तुमच्याच एका गृहीताबद्दल बोलते, रागावू नका. ‘खरं सॉफ्टबॉल म्हणजे फास्ट पिच’ असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे शाळेत, विद्यापीठात, राज्य स्पर्धेत तेच खेळतात. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली जपानच्या बायकांनी सुवर्ण जिंकलं तेही फास्ट पिचच, आणि २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतंय तेव्हा टीव्हीवर दिसेल तेही तेच. पण मोठ्या वयाची हौशी माणसं, विशेषतः अमेरिकेत, मोठ्या संख्येने जे खेळतात ते स्लो पिच. बॉल खालून, कमान करून टाकायचा; ती कमान जमिनीपासून साधारण सहा ते बारा फूट उंच. बेस चोरायचा नाही, म्हणजे फटका बसायच्या आधीच पुढच्या टप्प्याकडे पळायचं नाही; बंट करायचा नाही, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता हळूच अडवायचा नाही. मैदानात नऊऐवजी दहा जण. पिचरने बॅटरला चकवायचं नसतं, बॉल खेळता येईल असा द्यायचा असतो; खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. यात कमीपणा कसला? हा खेळ सुरूच झाला तो १८८७ साली शिकागोतल्या एका क्लबात, हॉलच्या आत, बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून त्याचा बॉल करून आणि काठी घेऊन. तेव्हाही ती हौशीच मंडळी होती.

तुमच्या गटात मी डोळे झाकून स्लो पिच सांगेन. चौदातल्या बारा-तेरा जणांनी खालून गोल हात फिरवून सोडलेला वेगवान बॉल कधी समोरून पाहिलेला नाही. तुम्ही एकट्याच तो टाकू शकता, म्हणजे दोन्ही बाजूंना पिचिंग तुमच्याकडेच, आणि इतक्या वर्षांनी तुमच्या खांद्यावर ते ओझं. शिवाय निम्मे जण नुसतेच बॅट फिरवून बाद होतील, उरलेले मैदानात उभे राहून कंटाळतील. पोरंसोरं गमतीने सहन करतात. चाळिशीची माणसं तिसऱ्या रविवारी ‘जरा काम आहे’ म्हणतात. तुमचं फास्ट पिच मात्र सोडू नका. खेळ संपल्यावर एखाद्या धीट गड्याला मास्क घालून समोर बसवा आणि पाव तास टाका. तुमचाही आनंद आणि बघणाऱ्यांचंही शिक्षण.

आता बॉल. स्लो आणि फास्ट, दोन्हीला मोठ्यांचा बॉल बहुतेक वेळा १२ इंच घेराचा, म्हणजे साधारण साडेतीस सेंटीमीटर. वजन १७८ ते १९८ ग्रॅम. क्रिकेटचा लेदर बॉल १६० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे हा त्याच्याहून मोठाही आणि जडही. टेनिस बॉलवर वाढलेल्या तुमच्या मंडळींना हे आकडे वाचून दाखवा. चांगल्या बॉलवर दोन नंबर छापलेले असतात. पहिला नंबर बॉल किती उसळतो त्याचा, दुसरा तो पाव इंच दाबायला किती पौंड जोर लागतो त्याचा. स्लो पिचसाठी .५२ आणि ३०० हा अमेरिकेतला नेहमीचा बॉल. फास्ट पिचचा बहुधा .४७ आणि ३७५, म्हणजे अधिक कडक. हा दुसरा नंबर बोटांना आणि तोंडाला फार महत्त्वाचा. तुम्ही ३०० चा घ्या. रंग पिवळा घ्या. हिवाळ्यात तपोवनावर गवत सकाळी ओलं असतं, म्हणून वरचं आवरण कातड्याचं न घेता सिंथेटिक घ्या. कातडं पाणी पितं आणि बॉल जड होत जातो. डझनभर बॉल एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. एक बॉल दगडासारखा आणि दुसरा पिचपिचीत असला की झेल कुणाचाच पक्का होत नाही. नव्या लोकांसाठी आतून मऊ असलेले सरावाचे बॉल मिळतात, तेही तीन-चार ठेवा. पहिले काही रविवार फक्त त्यांनीच खेळलात तरी चालेल.

वर्गणीतला मोठा वाटा कुठे जायला हवा? ग्लोव्ह्जवर. इथे क्रिकेटवाले तुमच्याशी भांडतील. ‘आम्ही उघड्या हाताने कॅच घेतो’ म्हणतील. घेऊ द्या एकदा, फार नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून बॉल झेलायची त्यांची सवय इथे उपयोगाची नाही. बॉल ग्लोव्हच्या खोबणीत घ्यायचा, तळहातावर नव्हे, आणि दुसरा हात लगेच वरून झाकायचा. ही सवय लागायला ग्लोव्ह स्वतःच्या हातात बसणारा हवा.

पण चौदा जणांना चौदा ग्लोव्ह्ज लागत नाहीत. एक बाजू बॅटिंग करते तेव्हा तिचे ग्लोव्ह्ज रिकामेच असतात. सात-सात असे खेळताना दहा चांगले ग्लोव्ह्ज पुरे, फक्त ते निवडून घ्या. ग्लोव्हचं माप तर्जनीच्या टोकापासून खाली तळाच्या कडेपर्यंत, आतल्या बाजूने मोजतात. बेसच्या जवळ उभं राहणाऱ्यांना १२ इंच, लांब आउटफिल्डला १३. बेसबॉलचा लहान ग्लोव्ह दुकानदार गळ्यात मारू बघेल. त्याची खोबण या बॉलला उथळ पडते. बायकांसाठी मनगटाची पट्टी आवळता येणारे आणि बोटांच्या नळ्या अरुंद असलेले ग्लोव्ह्ज घ्या. सैल ग्लोव्हमध्ये हात फिरतो, बॉल आला की ग्लोव्हच मागे वळतो आणि मग ‘बायकांना झेल येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तुमच्या पाच जणींनी स्वतः दुकानात जाऊन हात घालून बघावेत. यजमानांच्या अंदाजाने आणू नयेत.

आणि ती डावखुरी मुलगी. तिची बॅट कुठल्या बाजूने चालते याचा ग्लोव्हशी संबंध नाही. ती बॉल कोणत्या हाताने फेकते, एवढंच विचारा. डाव्या हाताने फेकत असेल तर ग्लोव्ह उजव्या हातात जातो, आणि असे ग्लोव्ह्ज आपल्याकडे दुकानात पटकन सापडत नाहीत. क्रिकेटमध्ये डावखुरी बॅटिंग करून उजव्याने फेकणारे पुष्कळ असतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी तिला एकदा बॉल फेकायला लावा.

तुमच्या घरातला पेच मला इथेच सुटताना दिसतो. दिरांना ‘बॅट नको’ असं म्हणू नका. ‘बॅटीऐवजी हे आणा’ म्हणा. डाव्या हाताने फेकणाऱ्या बाईच्या हातात बसेल असा साडेबारा इंची ग्लोव्ह, आणि .५२/३०० चे डझनभर बॉल. वजन सगळं मिळून तीन-साडेतीन किलो, बॅगेत सहज बसेल. इथे न मिळणारी वस्तू तिकडून आणल्याचं समाधान त्यांना बॅटीपेक्षा जास्तच मिळेल, कारण दर रविवारी एक माणूस बाकावरून उठून मैदानात येईल, तेही त्यांच्यामुळे. यजमानांशी बोलताना मात्र पैशांपासून सुरुवात करू नका. बॉल कुठे जाईल तिथून करा. रविवारी सकाळी त्या मैदानावर फिरायला आलेली म्हातारी माणसं असतात, शेजारी क्रिकेटचे दोन-तीन डाव चाललेले असतात. तिथे सगळ्यात लांब मारणारी बॅट आणून आपण नेमकं काय मिळवणार?

त्या बॅटीबद्दल आणखी थोडं, कारण असा मोह बऱ्याच नव्या गटांना होतो. कंपोझिट बॅट चांगली असते, नाकारत नाही. पण ती नवी असताना पूर्ण जोमात नसते; थोडी थोडी फिरवत शेकडो फटके मारल्यावर ‘उघडते’. थंडीत तडकू शकते. सरावाचे भलतेच कडक बॉल, क्रिकेटचा बॉल, बुटाच्या तळव्याची माती झटकायला मारलेला टोला, यातलं काहीही तिला सोसत नाही. आणि क्रिकेटवाल्यांचं मला माहीत आहे. फटका मारला की ते एक तर बॅट हातात घेऊन पळतात, नाही तर लक्षात आल्यावर ती भिरकावून देतात. तपोवनाच्या खडबडीत जमिनीवर दर रविवारी ती पंधरा-वीस वेळा आपटणार. कंपोझिटची तड आतून जाते, बाहेरून दिसत नाही. अॲल्युमिनियमला पोचा पडतो तो लगेच दिसतो आणि ती पहिल्या दिवसापासून जशी आहे तशी चालते. तुमचे यजमान शिरोलीच्या फाउंड्रीत आहेत असं लिहिलंय. हा मुद्दा त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळेल, फक्त तो त्यांच्या तोंडून यायला हवा. तालमीत पाय ठेवायच्या आधी चांदीची गदा घेऊन ठेवण्याचा हा प्रकार आहे.

दिरांनी तरीही बॅट आणलीच, तर एक सांगून ठेवा: ‘सीनियर’ असा शिक्का असलेली आणू नका. त्या बॅटी पन्नाशीपुढच्या खेळाडूंच्या स्पर्धांसाठी जास्त उसळीच्या बनवतात आणि इतर स्पर्धांत त्यांना बंदी असते. कधी कधी त्या सवलतीत मिळतात, म्हणून हौसेने घेतल्या जातात. आणि बॅट विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इनच्या बॅगेतच टाकावी लागते.

अॲल्युमिनियमच्या दोन बॅटी इथेच घ्या. नियमाने बॅट जास्तीत जास्त ३४ इंच लांब, सव्वादोन इंच जाड आणि ३८ औंस, म्हणजे सुमारे १०७७ ग्रॅम वजनाची चालते. पण नियमात बसते म्हणून ३८ औंसाची घेऊ नका. लेदर बॉलची क्रिकेट बॅट सव्वा किलोच्या घरात असते, त्यामुळे क्रिकेटवाल्याला सॉफ्टबॉलची बॅट हातात घेतल्यावर खेळण्यातली वाटते आणि तो सगळ्यात जड उचलतो. इथे बॅट आडवी, खांद्याच्या उंचीवरून, पूर्ण फिरवायची असते. तिथे वेग लागतो, वजन नव्हे. पुरुषांना २७-२८ औंस, म्हणजे ७६५ ते ७९५ ग्रॅमच्या आसपास. बायकांना २५-२६, साधारण ७१० ते ७३५ ग्रॅम. दुकानात एक सोपी परीक्षा करा: एका हाताने मूठ धरून बॅट समोर आडवी, हात सरळ, दहा-पंधरा सेकंद. टोक खाली झुकायला लागलं तर ती जड आहे. भावना दुखावल्या तरी जड आहे.

कॅचरच्या किटबद्दल तुम्ही निम्म्या बरोबर आहात. फास्ट पिच खेळणार असाल तर हेल्मेटसह मास्क, गळ्याचं संरक्षण, छातीचं पॅड आणि पायांचे गार्ड याला पर्याय नाही. स्लो पिचला कॅचरचा मास्क पुरे. पुरुषांचा क्रिकेटचा गार्ड चालतो, तो घालायला लाजू नका. उरलेला पैसा मी पिचरच्या तोंडावर घालेन. पिचर बॅटरपासून पंधरा मीटरवर असतो आणि बॉल सोडताना पुढे झुकून आणखी मीटरभर जवळ येतो. ताशी १०० किलोमीटरने सरळ परत आलेला बॉल ते १४ मीटर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. जाळीचा फेस मास्क मिळतो, फार महाग नसतो. एक पिचरला, एक तिसऱ्या बेसच्या माणसाला. बॅटरसाठी दोन्ही कान झाकणारी दोन हेल्मेट्स, सगळ्यांत मिळून. ‘हे पोरांचं सामान आहे’ असं कोणी म्हणालं तर त्यालाच पहिल्या दिवशी पिचिंगला उभं करा.

बुटांवर खर्च करू नका. कोल्हापुरात घरटी एक तरी फुटबॉलचा बूट सापडतो. रबराचे स्टड असतील तर तेच घाला. धातूचे स्टड कुणाचेही नकोत, बायका-पुरुष एकत्र खेळताना तर नाहीच.

बेसकडे मात्र लोक लक्षच देत नाहीत. वीट, दगड, जमिनीत ठोकलेला खुंटा यातलं काहीही नको. अमेरिकेत मिशिगनमध्ये हौशी सॉफ्टबॉल खेळाडूंवर झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धक्का लागताच जागेवरून सुटणारे बेस वापरल्यावर घसरत बेस गाठताना होणाऱ्या दुखापती सुमारे ९६ टक्क्यांनी कमी झाल्या. तसे बेस इथे आणायची गरज नाही. रबरी चटईचे पातळ चौकोन कापा, आणि नियमच करा की घसरायचं नाही. पहिल्या बेसला दोन चौकोन शेजारी शेजारी टाका, एक आतला पांढरा आणि एक रेषेबाहेरचा केशरी. बेस राखणारा पांढऱ्यावर, धावणारा केशरीवर. गुडघे, घोटे आणि मैत्री तिन्ही शाबूत राहतात. बेसमधलं अंतर नियमाइतकं पूर्ण ठेवायचा हट्ट नको. १६ मीटर ठेवलंत तरी कुणी तक्रार करणार नाही.

‘ठरवणारी मी कोण’ असं तुम्ही विचारता. चौदा जणांत हा खेळ रीतसर शिकलेल्या तुम्ही एकट्या, आणि पैसेही तुमच्याकडे. पण तुमचा संकोच मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. वर्गणी सगळ्यांची आहे, म्हणून एकटीने यादी करू नका. पुढच्या रविवारी खेळ लवकर थांबवा, मिसळ खाताना कागद काढा आणि आधी एकच प्रश्न विचारा: आपण स्लो खेळायचं की फास्ट? ते उत्तर सगळ्यांच्या तोंडून आलं की यादीतल्या निम्म्या गोष्टींवर वाद उरत नाही. मग बॉल, ग्लोव्ह्ज, मास्क-हेल्मेट, बॅट या क्रमाने पैसे वाटा आणि पाच-सहा हजार बाजूला ठेवा. बॉल हरवतात, नाल्यात जातात, दुसऱ्यांच्या क्रिकेटमध्ये सामील होतात. इचलकरंजीला किंवा गडहिंग्लजला कोणी असाच गट जमवत असेल, त्यांनीही वर्गणी मागण्याआधी हा प्रश्न विचारून घ्यावा. आणि ज्यांना वर्गणी जड जाते त्यांना ग्लोव्ह विकत घ्यायला लावू नका. सामायिक सामानाचा तोच तर फायदा.

तुमचा जुना ग्लोव्ह तपासा. आतलं अस्तर फाटलेलं नसेल आणि कातडं दुमडल्यावर तडकत नसेल तर तो नव्यापेक्षा बरा, हाताला ओळखीचा. वाद्या मात्र बदलाव्या लागतील. त्यासाठी आपल्या गावाइतकं सोयीचं गाव नाही. पायताणं शिवणाऱ्या कुणाही जुन्या कारागिराला दाखवा. फक्त पायताणाची ताठ वादी नको, लवचीक आणि मऊ वादी ओवायला सांगा, आणि ओवण्याआधी जुन्या वादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणती कुठून गेली ते कळेल. नवे ग्लोव्ह्ज मऊ करायला भट्टी, गरम पाणी, रॉकेल असले प्रयोग नकोत. खोबणीत थोडं कातड्याचं तेल, बॉल आत ठेवून दोरीने आवळून रात्रभर, आणि रोज थोडी फेकाफेकी. तेल फार झालं तर ग्लोव्ह जड होतो आणि बॉलही तेलकट.

जूनपासून पुढे आपल्याकडच्या पावसात कातड्याला बुरशी धरते. ओला ग्लोव्ह पिशवीत कोंबायचा नाही. आत वर्तमानपत्र भरून सावलीत, वाऱ्याला ठेवायचा. हे काम कोणाच्या घरी, तेही त्याच मिसळीच्या टेबलावर ठरवून घ्या, नाही तर दहाही ग्लोव्ह्ज तुमच्याच गॅलरीत येतील.